भुलीखालची वाट

मोठ्या ऑपरेशनची चर्चा घरात होते तेव्हा तिच्यात टाके असतात, रक्ताच्या पिशव्या असतात, भूल पूर्ण द्यायची की नुसती कमरेखालची हेही असतं. लघवीच्या नळीचा विषय ‘हो, नळी घातलीय’ एवढ्यावर संपतो. रुग्णाला भूल चढल्यावर आणि पहिली चीर द्यायच्या आधी, दोन-चार मिनिटांत, ती आत गेलेली असते. त्या अवधीत एक बोथट टोकाची नळी शरीरातल्या अतिशय नाजूक, वळणदार वाटेवरून जाते आणि ज्याची ही वाट, तो त्या वेळी ‘दुखतंय’ एवढंही म्हणू शकत नाही. या प्रवासात काय काय बिघडू शकतं हे समजून घेऊ लागलं, की शरीराची बांधणी केवढी कसोशीची आहे ते दिसायला लागतं.

आधी हे पाहू, की नळी घालतात कशासाठी. ओटीपोटातल्या ऑपरेशनमध्ये, सिझेरियनमध्ये किंवा गर्भाशय काढताना, फुगलेलं मूत्राशय नेमकं सुरीच्या वाटेत येतं. ते रिकामं ठेवावं लागतं. दुसरं कारण मला जास्त भावतं. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये शरीरात रक्त नीट फिरतंय की नाही, हे भूलतज्ज्ञाला क्षणोक्षणी जाणून घ्यायचं असतं. रक्तपुरवठा घटला की मूत्रपिंडं लगेच हात आखडता घेतात आणि लघवी कमी होते. म्हणून दर तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी, असा साधा हिशेब ठेवतात. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिलिलिटर. झोपलेल्या शरीराच्या खोल आत काय चाललंय याची बातमी पलंगाला टांगलेल्या पिशवीत थेंबाथेंबाने येत राहते.

नळीची जात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं सांगितली आहेत, त्यांत वीस प्रकारची नाडीयंत्रं म्हणजे पोकळ नळ्या आहेत आणि मूत्रमार्गासाठीच्या नळ्याही त्यांत येतात. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी मुतखड्याने हैराण झालेल्या आपल्या भावासाठी सांध्यासांध्यांची, वाकणारी चांदीची नळी एका सोनाराकडून घडवून घेतली. पुढे रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि एकोणिसाव्या शतकातच पॅरिसचे शल्यचिकित्सक नेलाटों यांची लवचीक रबरी नळी आली. आजही नळीची जाडी ज्या नंबराने मोजतात तो पॅरिसच्याच शारिएर नावाच्या हत्यारं बनवणाऱ्या कारागिराचा. हिशेब सुंदर आहे: नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि तिनाने गुणायचा. मोठ्या माणसाला सहसा घालतात ती १६ नंबरची नळी म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास जाड.

एक अडचण मात्र शतकानुशतकं सुटत नव्हती. नळी आत जायची, पण राहायची नाही. दोऱ्याने बांधा, चिकटपट्टी लावा, ती घसरायचीच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहराचे मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी नळीच्याच अंगात एक चिमुकला फुगा बसवला. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचं रक्त दाबून थांबवावं, हा त्यांचा मूळ हेतू होता. १९३५ मध्ये त्यांनी ही नळी आपल्या व्यवसायबंधूंना दाखवली. पेटंट एका रबर कंपनीच्या संशोधकाला मिळालं, पण नाव फोलींचंच टिकलं. आपल्याकडच्या वॉर्डातही सिस्टर ‘फोलीज घाला’ असंच म्हणतात. नळीत दोन वाटा असतात: एक लघवी बाहेर यायची, दुसरी केसासारखी बारीक, फुग्यात पाणी भरायची. फुग्यात साधारण दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरलं की नळी मूत्राशयात अडकून बसते. सलाईन भरलं तर त्यातल्या मिठाचे खडे होऊन ती बारीक वाट बुजू शकते, म्हणून पाणीच.

आता वाटेकडे वळू. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा आणि सरळ. तिथे अडचण असते ती तोंड सापडण्याची. नळी शेजारच्या योनीमार्गात जाऊ शकते. पुरुषांची वाट वीसेक सेंटिमीटरची आणि दोन वळणांची. शिश्न वर उचलून धरलं की पहिलं वळण सरळ होतं. दुसरं, वृषणांच्या मागे मूत्रमार्ग वर वळतो तिथलं, तसं सरळ होत नाही. त्या वळणावरच वाट थोडी रुंद आणि भिंत पातळ असते, आणि तिच्या पुढे लागोपाठ तीन नाकी येतात: आपल्या इच्छेने बंद होणारं स्नायूंचं कडं, मग प्रोस्टेट, मग मूत्राशयाचं तोंड. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुरुषात प्रोस्टेट वाढून वाट दाबते आणि उचलते. मूत्रमार्गाभोवती रक्ताने भरलेल्या स्पंजासारख्या ऊतीचं अस्तर असतं. आतली त्वचा जरा जरी फाटली तरी हे अस्तर उघडं पडतं आणि भळाभळा रक्त येतं.

जागा माणूस असेल तर या वाटेवर एक पहारेकरी हजर असतो: वेदना. नळी चुकीच्या दिशेला टेकली की माणूस कळवळतो, अंग चोरतो, हात धरतो. डॉक्टर थांबतात. ऑपरेशनच्या टेबलावर तो पहारेकरी झोपलेला असतो. एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी: भुलीत नळी घालणं ही रुग्णावरची दयाच आहे. दुखत नाही, लाज वाटत नाही, स्नायू सैल पडल्याने ते इच्छेने आवळणारं कडंही वाट अडवत नाही. पण ज्या भुलीने हे काम सोपं केलं, तिनेच इशारा देणारा आवाजही बंद केला. पूर्ण भूल असो वा मणक्यातलं इंजेक्शन, कमरेखालचं शरीर गप्प असतं. मग उरतो तो फक्त नळी धरणाऱ्या हाताला जाणवणारा अडथळा. भरपूर जेली थेट मूत्रमार्गात सोडून हलक्या हाताने पुढे सरकायचं, अडलं की थांबायचं, पुरेशी नळी आत गेली नसेल तर फुगा भरायचा नाही: हे नियम प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. ज्यांनी ही वाट आतून डोळ्यांनी पाहिली आहे ते मूत्रविकारतज्ज्ञ या नियमांबद्दल इतके कडक का असतात, ते आता समजतं. अडलेल्या ठिकाणी जोर लावला तर नळी भिंतीतून स्वतःची नवी वाट पाडते. खोटी वाट एकदा पडली की पुढची प्रत्येक नळी तिकडेच वळते. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर टोकाला किंचित वर वाकलेली नळी वापरतात. तिचं टोक कायम पोटाच्या बाजूला ठेवलं की ते उंचवट्यावरून अलगद चढून जातं. तरीही अडलं तर पातळ तारेवरून नळी सरकवणं, दुर्बिणीने बघत जाणं किंवा पोटाच्या खालच्या भागातून थेट मूत्राशयात नळी घालणं, असे मार्ग आहेत.

सगळ्यात वाईट इजा त्या चिमुकल्या फुग्यामुळे होते. दहा मिलिलिटर पाण्याचा गोल हिशेबाने जवळपास पावणेतीन सेंटिमीटर रुंद होतो. मूत्राशयात ही रुंदी काहीच नाही. मूत्रमार्ग मात्र ताणला तरी एखाद सेंटिमीटरच्या आसपासच उघडतो. फुगा तिथेच फुगला तर भिंत फाटते. आणि तो तिथे फुगवण्याचा मोह पडेल अशी परिस्थिती ऑपरेशन थिएटरमध्ये सहज तयार होते. रुग्ण रात्रीपासून उपाशी, तहानलेला, टेबलावर यायच्या आधी लघवी करून आलेला. नळी व्यवस्थित पोचली तरी मूत्राशय रिकामं, शिवाय नळीच्या टोकाच्या भोकांत जेली अडकलेली. त्यामुळे लघवी येतच नाही. ‘आली असेल आत’ असं धरून पाणी भरलं जातं. म्हणून नळी तिच्या फाट्यापर्यंत पूर्ण आत घालायची, लघवी दिसेपर्यंत थांबायचं, ओटीपोट हलकेच दाबायचं, गरज पडल्यास थोडं सलाईन सोडून परत येतं का ते पाहायचं. आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी या प्रश्नावर फुग्यात पाणी भरायची वेगळी सिरिंज तयार केली आहे: फुगा अरुंद जागेत असला तर दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जातो आणि पाणी झडपेतून बाहेर सुटतं. जी जाणीव भुलीने हिरावली ती एका झडपेने परत आणून द्यायची, हा विचारच मला विलक्षण वाटतो.

इजा लगेच दिसते ती रक्ताने. तिचं खरं रूप महिन्यांनी कळतं. भरून येताना शरीर तिथे घट्ट वण विणतं, वण आकसतो आणि लघवीची धार बारीक होत जाते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस वर्षभराने लघवीसाठी जोर करू लागतो तेव्हा तो प्रोस्टेटला दोष देतो. गुडघ्याशी त्याचा संबंध असेल असं त्याच्या मनातही येत नाही.

या बाबतीत फिनलंडमधली एक हकीकत वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हेलसिंकीच्या डॉक्टरांना दिसलं, की हृदयाचं ऑपरेशन झालेले पुरुष मूत्रमार्ग आकसल्याची तक्रार घेऊन एकामागून एक येत आहेत. नळी थोडेच दिवस होती, घालताना काही बिघडलं नव्हतं. हृदय आणि मूत्रमार्ग, यांचं नातं काय? उलगडा दोन टोकांनी झाला. हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवलं जातं तेव्हा शरीर महत्त्वाच्या अवयवांकडे रक्त वळवतं आणि मूत्रमार्गाच्या वाट्याला तुटपुंजा पुरवठा येतो. त्याच वेळी त्या काळातल्या काही लेटेक्स नळ्यांमधून पेशींना विषारी ठरणारी द्रव्यं झिरपत होती. भरपूर रक्त असतं तर ती वाहून गेली असती. उपाशी पडलेल्या ऊतीला ती जाळत राहिली. मग प्रयोगशाळेत पेशी वाढवून त्यांच्यावर नळ्यांची परीक्षा सुरू झाली, आणि सिलिकोनच्या नळ्यांची निर्धोकता तिथे उठून दिसली. नळीचा पदार्थ निवडणं हा किरकोळ खरेदीचा भाग राहिला नाही, याचं श्रेय त्या डॉक्टरांच्या कुतूहलाला आहे.

नळीमुळे बिघडतं तसं नळीमुळे कळतंही, आणि इथे माझं कौतुक दुप्पट होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्या दाबाने मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो, शिवाय डोकं खाली केलेल्या टेबलावर लघवी मूत्राशयाच्या वरच्या बाजूला साचते आणि नळीपर्यंत येतच नाही. तासाभराचा आकडा घसरतो, आणि सगळं ठीक असूनही काळजी वाढते. अनुभवी भूलतज्ज्ञ अशा वेळी नुसत्या आकड्यावर विसंबून सलाईन ओतत नाही. उलट कधी पिशवी लघवीऐवजी वायूने फुगू लागते. याचा अर्थ पोटातला वायू मूत्राशयात शिरतोय, म्हणजे मूत्राशयाला भोक पडलंय. शल्यचिकित्सकाच्या नजरेतून निसटलेली इजा पिशवीने सांगितली! शंका असेल तर नळीतून निळा रंग किंवा निर्जंतुक दूध सोडून ते पोटात कुठे पाझरतं हे पाहतात. सिझेरियनमध्ये नळीत अचानक लालसर लघवी दिसली की डॉक्टर सावध होतात. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर जागा माणूस थंडी वाजतेय, कंबर दुखतेय असं सांगेल. भुलीतल्या माणसाच्या बाबतीत रक्तदाब घसरणं आणि लघवी लाल होणं, हीच सुरुवातीची खूण असू शकते. बोलू न शकणाऱ्या शरीराने बोलायला लघवीचा रंग निवडावा, यापेक्षा नवलाचं काय असेल?

भूल उतरते तेव्हा एक वेगळाच प्रकार घडतो. रुग्ण डोळे उघडतो आणि म्हणतो, ‘मला लघवीला जायचंय.’ नातेवाईक समजावतात, ‘अहो, नळी घातलीय, तिथेच होऊ द्या.’ तो ऐकत नाही, उठायला बघतो, क्वचित नळीला हात घालतो. मूत्राशय पूर्ण रिकामं असतं. त्याच्या तळाशी, जिथे संवेदना सर्वांत तीव्र असतात, तिथे फुगा टेकलेला असतो आणि भिंतीतले स्नायू आकुंचन पावू लागतात. मेंदूला मिळणारा निरोप भरलेल्या मूत्राशयाचाच असतो. फुगा आणि लघवी यांतला फरक त्या चेतातंतूंना कळत नाही. पुरुषांत आणि जाड नळी असेल तर हा त्रास जास्त होतो. यावर मोलाचं काम आपल्याच देशात, लखनौच्या संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी केलं: अतिसंवेदनशील मूत्राशयासाठी वापरलं जाणारं औषध ऑपरेशनच्या आधी दिलं तर ही घालमेल कमी होते, हे त्यांनी २००५च्या सुमारास दाखवलं. मला वाटतं, औषधाइतकंच ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी शांतपणे हे सांगणंही गरजेचं आहे. कारण फुगलेला फुगा ओढून काढला गेला तर जी इजा घालताना टळली ती आता होते. याच सुन्न तासांत आणखी एक चूक घडू शकते. नळी घालताना मागे सारलेली शिश्नाची पुढची कातडी परत पुढे आणायची राहून जाते, ती आवळत सूज येते, आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही. तपासायला पाच सेकंद लागतात.

जंतूंची गोष्ट मात्र तासांची नसते, दिवसांची असते. मूत्राशयाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशींना छत्रीपेशी म्हणतात. या पेशी आपल्या पोटात पडद्याचे जादा तुकडे निऱ्यांसारखे दुमडून ठेवतात आणि मूत्राशय भरू लागलं की त्या सोडून पसरतात. या अस्तराला जंतू सहजी चिकटत नाहीत, आणि चिकटले तरी लघवीचा प्रवाह धुऊन नेतो. नळी हे दोन्ही पहारे एकदम उठवते. जंतूंना चढायला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो, आणि नळीची भोकं फुग्याच्या वर असल्याने फुग्याखाली थोडी लघवी कायम साचून राहते. जंतू नळीवर स्वतःभोवती चिकट थर विणून वस्ती करतात. त्या वस्तीत औषधं नीट पोचत नाहीत. नळी राहील त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू सापडण्याचा धोका ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो. पूर्वी नळीचं दुसरं टोक उघड्या बाटलीत सोडत. १९६६ मध्ये अमेरिकेत क्युनिन आणि मॅकॉरमॅक यांनी बंद पिशवीची पद्धत किती संरक्षण देते हे दाखवलं. वॉर्डातून नेताना ती पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवली की तिच्यातली लघवी जंतूंसह परत मूत्राशयाकडे वाहते. ती कायम मूत्राशयाच्या खाली हवी. ट्रॉली ढकलणाऱ्या मामांना आणि सोबत चालणाऱ्या नातेवाइकांना हे एकदा कळलं, की पुन्हा सांगावं लागत नाही.

काही जंतू रसायनशास्त्रात पारंगत असतात. प्रोटियस नावाचा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षारांचे खडे साठून नळी दगडासारखी बुजते. दुसऱ्या काहींची करामत बघून तर डोळे विस्फारतात. डाळी-दुधातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून आतड्यात एक पदार्थ बनतो, यकृत त्याचं रूप बदलून लघवीवाटे बाहेर पाठवतं, आणि नळीवर वस्तीला असलेले जंतू त्याचे तुकडे करतात. त्यातून तयार होते नीळ. हो, चंपारणच्या शेतकऱ्यांना जबरदस्तीने पिकवायला लावलेल्या झाडातून निघायची तीच नीळ. तिच्यासोबत एक लाल रंगद्रव्यही बनतं आणि पिशवी जांभळी होते. महिनोन्‌महिने नळी असलेल्या, बद्धकोष्ठाचा त्रास असलेल्या वृद्धांमध्ये हे दिसतं. ऑपरेशनपुरती नळी असेल तर सहसा नाही. पाहणाऱ्याला धडकी भरते, पण रंग स्वतः इजा करत नाही.

जंतूंचा धोका दिवसागणिक वाढतो, म्हणून आज बहुतेक ठिकाणी विचारतात, नळी कधी काढायची? साध्या ऑपरेशननंतर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, काही वेळा त्याच संध्याकाळी. ज्या ऑपरेशनला लागतच नाही तिथे घालायचीच नाही. काढायच्या वेळी सिस्टर फुग्याच्या तोंडाला सिरिंज लावून पाणी आपसूक परत येऊ देतात. जोराने खेचलं तर बारीक वाट आत चिपकते आणि रिकाम्या फुग्याला कड येऊन तो परतीच्या वाटेवर ओरखडे काढतो. त्यानंतर चार-सहा तासांत लघवी झाली पाहिजे. विशेषतः मणक्यातल्या भुलीनंतर मूत्राशयाच्या चेता उशिरा जाग्या होतात. लघवी झाली नाही तर ओटीपोटावर सोनोग्राफीचं छोटं यंत्र ठेवून आत किती साचलंय ते पाहतात, आणि जास्त असेल तर साधी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करतात आणि ती लगेच काढून घेतात.